करवंटीखालचा दिवा

गणपतीला गावी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कुंपणाच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत शिरलो आणि तिथेच थबकलो. पडवीपासून विहिरीकडे जाणाऱ्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, कडेनं मी आदल्या वर्षी बारा सोलर दिवे रोवले होते. त्या बाराही काठ्यांच्या डोक्यावर आता एकेक करवंटी उपडी घातलेली. पावसात भिजून काळपट झालेल्या, शेंड्या तशाच ठेवलेल्या बारा करवंट्या. ओळीनं उभ्या राहिलेल्या शाळेतल्या पोरांसारखं काहीतरी दिसत होतं ते.

"आई, हे काय?"

"टोप्या," आई म्हणाली. "मेले रात्रभर डोळे उघडे ठेवून बसतात."

हे 2021 सालातलं. त्या पावसाळ्यात दिवे लागत नाहीत म्हणून मी पुण्यात बसून दोन महिने डोकं खाजवत होतो. फोनवर विचारायचो, "काचा पुसल्यास का?" ती म्हणायची, "पुसल्या." ढगांना दोष देऊन झाला, बॅटरीला देऊन झाला, विकणाऱ्याला तर जरा जास्तच दिला. करवंटीचा संशय कुणाला येणार?

दिवे मुळात आले कुठून ते सांगायला हवं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमचा दापोली तालुका, शेजारचा मंडणगड यांना झोडपून गेलं. आमच्या आगरातल्या एकतीस माडांपैकी एकोणीस आडवे झाले. पोफळी तर मोजण्यात अर्थच नव्हता, काड्यापेटी उपडी करावी तशा पडल्या होत्या. आईचा फोन सकाळी अकराला लागला तो शेवटचा, पुढे पाच दिवस नाही. मी पुण्यात, लॉकडाऊनमध्ये. विजेचे खांब रस्त्यावर झोपलेले, त्यामुळे वाडीत लाईट आली ती तेविसाव्या दिवशी. घरात दोन कंदील होते, पण रॉकेल कुठलं? गॅस आल्यापासून रेशनवरचं रॉकेल बंद. आईनं ते तेवीस दिवस खोबरेलाच्या पणतीवर काढले. वर सांगते काय, तर "त्यात काय, मी 1974 ला लग्न होऊन आले तेव्हा कुठं होती वीज? दोन वर्षं चिमणीवरच संसार केला."

तिला त्यात काही नव्हतं, मला होतं. अडुसष्ट वर्षांची बाई, एकटी, रात्री उठून अंगण ओलांडून न्हाणीघराकडे जाते, आणि वाटेत जांभ्या दगडाच्या कुंपणाला, म्हणजे गडग्याला, लागून सगळा पडलेला पाचोळा. गडग्याच्या फटींत फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. त्याचं नाव रात्री घेत नाहीत, नुसतं जनावर म्हणतात. फुरसं हातभरसुद्धा नसतं, रंग मातीचा, आणि ते सहसा बाजूला होत नाही, वाटेतच वेटोळं करून बसतं. मण्यार तर रात्रीचीच फिरते. तेव्हा वाटेवर दिवा हवा आणि तो खांब पडला तरी लागायला हवा, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. दिवाळीनंतर बारा सोलर दिवे मागवले. एक साडेतीनशे रुपयांना.

आणि ते लागले की! पावसाळा लागेपर्यंत मी ज्याला त्याला फोटो पाठवत होतो. खणायला नको, तार नको, बिल नको. काठी मातीत रोवायची आणि विसरून जायचं. संध्याकाळ झाली की एकेक करून बारा टिकल्या उजळायच्या. हे कसं होतं ते कळल्यावर मला त्या वस्तूचं जास्तच कौतुक वाटलं. अंधार ओळखायला त्यात वेगळा डोळा नसतो. वरचं बिस्किटाएवढं पॅनल दिवसा वीज करतं आणि तेच थांबलं की दिव्याला कळतं, रात्र झाली. पॅनलच घड्याळ, पॅनलच खटका.

ते का चालत होते, हे मात्र मला फार उशिरा उमगलं. ते चालत होते वादळामुळे. कोकणातलं आगर ही सावलीची जागा. वर माड, खाली पोफळ, तिच्या खाली केळ, जायफळ, पोफळीला चढलेली मिरी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्या दिवशीसुद्धा आगरात जमिनीवर उन्हाचे नुसते कवडसे पडतात, रुपयाएवढे. आजोबांनी मुद्दाम तसं लावलेलं. उन्हात पोफळीचं खोड करपतं, रोप लहान असताना तर त्याला केळीच्या सावलीतच वाढवावं लागतं. वादळानं हे सगळं छप्पर काढून नेलं आणि शंभर वर्षांत पडलं नसेल एवढं ऊन पाखाडीवर पडलं. ते उघडंबोडकं आगर बघून आई पदर डोळ्याला लावत होती आणि मी तिथेच उभा राहून म्हणत होतो, बघ, किती छान चार्ज होतायत. आठवलं की आजही कानकोंडं होतं.

मग पाऊस आला. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य म्हणजे ऐकीव गोष्ट. एक दिवा उघडून बघितला. आत पेन्सिल सेलएवढी एक बॅटरी, 1.2 व्होल्ट, 600 मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला तर पाऊण वॅट-तासही भरत नाही. आमच्या पडवीतला 9 वॅटचा बल्ब तेवढ्यावर पाच मिनिटंसुद्धा जळणार नाही. बाराही दिव्यांची पुंजी एकत्र केली तरी तास पुरा होत नाही. एवढ्याशा शिदोरीवर तो बापडा आठ तास काढतो, कारण तो उजेड असा देतच नाही; आपण कुठे आहोत एवढं सांगतो. फुरसं दिसायला तो उपयोगाचा नव्हताच. पाखाडीची कड दिसायची, पाखाडीवर काय आहे ते नाही. शिवाय समुद्राची खारी हवा. बॅटरी जिथे टेकते ती पत्र्याची जीभ हिरवी पडून भुगा झालेली.

या सगळ्यावर करवंटी. टोपी घातली की पॅनलला वाटणार रात्र, दिवा आतल्या आत जळत राहणार आणि पहाटेपर्यंत रिकामा होणार. सकाळी टोपी काढायची राहिली, की दिवसभर त्याच्यापुरती रात्रच. ऊन असून उपाशी. आईला हे यंत्रशास्त्र मी समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्याला बंद करायचं बटण का नाही दिलं?"

बटण असतं. काही दिव्यांना पॅनलच्या खाली, स्क्रू काढल्यावर. पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि प्रश्न तरी मला त्या दिवशी कुठे कळला होता! मी ठरवून टाकलं की सोलर फसलं, आता तारेचीच वीज.

गावातल्या वायरमनला बोलावलं. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणतो. त्यानं चहा घेता घेता हिशेब घातला. 3 वॅटचे सहा दिवे, रात्री पाच तास धरले तर महिन्याला पावणेतीन युनिट. युनिटला 10 रुपये धरा, 27 रुपये झाले. "बिलाला घाबरू नका," दादा म्हणाला, "जांभ्याला घाबरा." केबल जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड हवी, म्हणजे लोखंडी जाळीचं चिलखत असलेली, नाहीतर कुदळीचा पहिला घाव तिच्यावरच. दोन फूट खोल चर, चाळीस मीटर लांब, आणि खाली सगळा कातळ. वर पाणी न शिरणारे डबे, वेगळं अर्थिंग. आकडा बावीस हजारांवर गेला आणि त्यात मजुरीच अर्ध्याहून जास्त. बागेला दिवे लावावेत की नाही अशा गप्पांत लोक विजेच्या दराबद्दल तावातावानं बोलतात. खर्च विजेचा नसतोच, खणण्याचा असतो.

गणपतीपुरतं म्हणून मग तात्पुरती वायर ओढली. उरलेल्या पोफळींना दोरीनं बांधून, चार होल्डर लटकवून. दादा नको म्हणत होता, मीच हट्ट केला. दुसऱ्या दिवशी आरतीच्या ऐन मध्यात सगळं घर काळोखात. घरात ईएलसीबी नावाचा खटका बसवलेला आहे, जमिनीकडे 30 मिलिअँपिअर वीज गळली तरी तो पाडतो. माणूस वाचावा म्हणून त्याला इतकं हळवं केलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण पागोळीच्या पाण्यानं भिजलेला होल्डर आणि माणूस यातला फरक त्याला कळत नाही. वर चढवला, पुन्हा पडला. चौथ्यांदा पडल्यावर दादानं होल्डर उघडला, तर आत लाल मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड, अंड्यांसकट. समईच्या उजेडात आरती पुरी झाली. आई म्हणाली, "बाहेरच्या दिव्यापायी घरातला घालवलास."

त्या रात्री पडवीत बसलो होतो. पाहुणे झोपलेले. पाऊस थांबून नुसती झाडं गळत होती. आईला म्हटलं, आता तूच सांग तुला काय हवंय. ती म्हणाली, तिला दिवा हवाय, पण जाताना. रात्रीतून एकदा, फार तर दोनदा. पाचेक मिनिटं. बाकीच्या वेळी तिला काळोख हवाय.

मला वाटलं, काटकसर. तिच्या पिढीला ती सवयच. तर तसं नव्हतं. रात्री जाग आली की ती खिडकीतून बाहेर बघते. काळोखात तिला आगर कळतं: वारा कुठल्या बाजूचा आहे, कुठली झावळी गळायला आलीय, विहिरीवर काय हललं. दिवा लागलेला असला की दिव्याखालचं तेवढं दिसतं आणि त्याच्या पलीकडे भिंत. "तुमच्या त्या बारा ठिपक्यांनी मला आंधळी केली होती," ती म्हणाली. मी नंतर स्वतः करून पाहिलं. दिवा मालवून पडवीत बसलं तर पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी गडग्याचे चिरे मोजता येतात, चांदणं नसतानाही. डोळ्याला तेवढा वेळ लागतो. मधेच कुणी मोबाइलची बॅटरी पेटवली की पुन्हा पहिल्यापासून.

मी ऊन की तार यावर वर्षभर खल करत होतो. वीज कुठून येते याच्याशी आईला कर्तव्यच नव्हतं. दिवा कुणाच्या हातात आहे, एवढंच ती विचारत होती.

मधे एक मे महिना गेला आणि तिच्या बाजूला काजवे सामील झाले. पावसाच्या आधी, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, आमच्या मागच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, ऐनाच्या झाडांवर काजवे येतात. लोक त्यासाठी गाड्या काढून भंडारदऱ्याला जातात, आम्हाला परसातून दिसतात. काजव्याचं चमकणं म्हणजे मादीला घातलेली साद, आणि आजूबाजूला झगझगाट असला की ती साद पोचत नाही. आमच्या वरच्या अंगाला एक होमस्टे झालाय. त्यांनी झाडांवर खालून मारलेले पांढरेशुभ्र फ्लडलाइट रात्रभर चालू असतात. माडाच्या शेंड्यावर खालून उजेड टाकून कुणाला काय दाखवायचं असतं ते मला अजून समजलेलं नाही. त्या वर्षी आमच्या ऐनावर काजवे होते आणि त्यांच्या आवाराला लागून असलेल्या ऐनावर जवळजवळ नव्हते. दुसरी कारणंही असतील, मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही. पण पांढऱ्या, निळसर उजेडाकडे किडे जास्त झेपावतात, पिवळ्या उजेडाकडे कमी, हे मात्र नक्की. किडे आले की पाली आणि बेडूक येतात, आणि बेडकांमागून जो येतो त्याच्यासाठीच तर आपण दिवा लावायला निघालो होतो. किनाऱ्यावरच्या गावांत कासवमित्र हेच कासवांच्या पिल्लांसाठी सांगत असतात. वाळूतून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं, आणि रात्री किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्र असायला हवा, हॉटेल नव्हे.

2022 च्या दिवाळीनंतर मांडव घालायच्या वेळी, खळं सारवायच्या आधी, पुन्हा काम काढलं. या वेळी कागदावर आधी बटण काढलं आणि मग बाकीचं.

गोठा रिकामाच असतो आता. त्याच्या पत्र्यावर दिवसभर ऊन असतं, एकही झाड आड येत नाही. तिथे दक्षिणेकडे तोंड करून 50 वॅटचं एकच पॅनल बसवलं. बॅटरी पडवीत, कोरड्यात, 12 व्होल्टची, 20 अँपिअर-तासांची. तिथून वायर पाखाडीच्या कडेनं, साध्या पाइपातून, वीतभरच खोल. 12 व्होल्टला शॉक लागत नाही, त्यामुळे चिलखत नको, दोन फुटांचा चर नको, मुंग्यांनी होल्डरमध्ये संसार थाटला तरी घर अंधारात जात नाही. दिवे सहा, 3 वॅटचे, पिवळे, गुडघ्याच्या खाली आणि तोंड जमिनीकडे. आडव्या उजेडात वाटेवरच्या खड्याचीसुद्धा सावली पडते. वेटोळ्याची तर पडणारच.

एक चूक तरीही केलीच. घरात पडलेली बारीक वायर वापरली. कमी व्होल्टला तेवढ्याच उजेडासाठी करंट जास्त लागतो आणि बारीक, लांब वायरीत तो वाटेतच झिजतो. विहिरीजवळचा सहावा दिवा आजाऱ्यासारखा पिवळा पडला. दादा गालात हसला, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर घेऊन आला. जुनी उपसून काढताना माझी पाठ धरली ती आठवडाभर.

आणि बटणं दोन. जिन्याला असतात तशी, खाली लावा, वर मालवा. एक पडवीच्या खांबाला, एक न्हाणीघराच्या चौकटीला. आई इकडून लावते, पलीकडे पोचली की मालवते, परत येताना तिकडून लावते.

मग आकडेमोड करायला बसलो आणि स्वतःचंच हसू आलं. सहा दिवे मिळून 18 वॅट. रात्रभर जाळले असते तर बॅटरी एका रात्रीत कोरडी झाली असती, पावसाळ्यात तर कुणी भरूनही दिली नसती. पण आई रात्रीतून सगळं मिळून तासभरसुद्धा जाळत नाही. म्हणजे भरलेली बॅटरी ऊन न बघता दहा दिवस निघते. आणि दाट ढगांतून जो मळकट उजेड झिरपतो त्यावरही पॅनल दिवसाला तेवढं जमवतंच. पुरत नव्हतं ते बटणामुळे पुरायला लागलं. गेल्या तीन पावसाळ्यांत फक्त एकदा, जुलैमध्ये, लाईटवरच्या चार्जरनं बॅटरी भरावी लागली, तेही भाचरं आली होती आणि रात्री बटणांशी खेळत बसली होती म्हणून. तारेची वीज अशी घराच्या आतच राहिली, एका चार्जरपुरती. ज्यांच्याकडे मोकळं लॉन आहे आणि दाराशी प्लग आहे त्यांनी हे सगळं कशाला करावं, सरळ तार ओढावी. आमचं आगर वेगळं, आमची माणसं वेगळी.

वादळानंतर लावलेल्या पोफळी आता डोक्याच्या वर गेल्यात, केळी तर केव्हाच. पाखाडीवर पुन्हा रुपयाएवढे कवडसे पडायला लागलेत. जुने बारा दिवे काढले तेव्हा अकरा मोडीत गेले. एक धड निघाला. त्याला नवी बॅटरी घालून मी तो तुळशीपाशी रोवला, तिथे ऊन असतं म्हणून. आईनं हरकत घेतली नाही. संध्याकाळी तो आपला आपण लागतो. तिची सांजवात त्याच्या शेजारी लागते आणि तासाभरात विझते.

झोपायला जायच्या आधी ती बाहेर येते, दिव्यावर करवंटी घालते आणि सकाळी तुळशीला पाणी घालताना काढते. कधी विसरते. मग त्या रात्री तो लागत नाही, आणि तिचं त्यावाचून अडतही नाही.